खापर कार्डावर

२००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनचा डी९० जाहीर झाला आणि फोटोच्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यातून पहिल्यांदा व्हिडिओ निघू लागला. एचडीत सलग पाच मिनिटं, बस. पुढच्याच महिन्यात कॅननचा ५डी मार्क टू जाहीर झाला. त्याने फुल एचडी दिलं, पण तोही साधारण बारा मिनिटांनी थांबायचा. तेव्हापासून पुढची दहा-बारा वर्षं, लग्नाच्या शूटिंगपासून गाण्याच्या बैठकीपर्यंत, कॅमेरा मधेच बंद पडला की निदान ठरलेलं असे: कार्डाचा घोळ, मोठं कार्ड घाला. या काळाकडे मागे वळून पाहिलं, तर हे निदान बहुतेक वेळा चुकीचं होतं असं माझं मत आहे. कार्डावरची जागा संपली तर कॅमेरा तसं सरळ सांगतो. कोडं पडायचं ते जागा शिल्लक असताना थांबलेल्या रेकॉर्डिंगचं, आणि त्याचं उत्तर कॅमेरा किती वेळाने थांबला यातच असायचं.

बारा मिनिटांचंच घ्या. त्या काळातली कार्डं फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असत, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. ५डी मार्क टू सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट लिहायचा; या वेगाने ४ जीबी भरायला तेरा-एक मिनिटं लागतात. म्हणजे ८ च्या जागी ३२ जीबीचं कार्ड घातलं तरी प्रत्येक तुकडा तेवढाच, फक्त तुकडे जास्त. २००९ मध्ये एसडीएक्ससी कार्डांचं मानक आलं, सोबत एक्सफॅट आली, आणि ही भिंत पडली. २०१२ च्या ५डी मार्क थ्रीने तर ४ जीबी झाले की आपणहून नवी फाइल उघडून रेकॉर्डिंग चालू ठेवायला सुरुवात केली. मर्यादा फाइलची होती, कार्डाच्या आकाराची नव्हती.

काही सेकंदांतच थांबणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. इथे कार्ड खरंच दोषी, पण वेगामुळे. त्या पिढीतल्या कॅननच्या स्क्रीनवर उजवीकडे एक छोटी उभी पट्टी उमटायची. कार्ड लिहायला कमी पडलं की ती खालून वर भरत जायची आणि पूर्ण भरली की रेकॉर्डिंग बंद. दुकानात मात्र लोक कार्डावर ठळक छापलेला आकडा वाचत, आणि तो बहुधा वाचनाचा, म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर उतरवतानाचा वेग असतो. शूटिंगला लागतो तो लिहिण्याचा किमान वेग: क्लास १० म्हणजे सेकंदाला १० मेगाबाइट, व्ही३० म्हणजे ३०. मेगाबिट आणि मेगाबाइट यांतली गल्लतही नेहमीचीच. १०० मेगाबिटचं फोरके म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. व्ही३० कार्ड ते आरामात पेलतं. मग चांगली कार्डंही अडखळतात ती का, असं कुणी विचारेल. एक तर पुसापुशीने विस्कळीत झालेलं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं नसतं. दुसरं म्हणजे बनावट माल. १२८ जीबी दाखवणाऱ्या नकली कार्डात खरी जागा आठ-सोळाच निघते, आणि त्यापुढचं सगळं हवेत जातं. कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहणं हीच त्याची खरी परीक्षा.

सगळ्यात गमतीदार मर्यादा २९ मिनिटं ५९ सेकंदांची. ती कुठल्याही चिपमध्ये नव्हती, युरोपीय संघाच्या जकात वर्गीकरणात होती. डिजिटल कॅमेऱ्यावर तिथे तेव्हा आयात शुल्क शून्य होतं, व्हिडिओ कॅमेऱ्यावर ४.९ टक्के, काही प्रकारांवर त्याहून जास्त. आणि फरक कसा ओळखायचा? जास्तीत जास्त क्षमतेचं कार्ड घालून ८०० बाय ६०० किंवा त्याहून चांगल्या दर्जाचं, सेकंदाला किमान २३ फ्रेमचं, सलग तीस मिनिटं चित्रण होत असेल तर तो व्हिडिओ कॅमेरा! म्हणजे कार्डं छोटी होती तोवर या नियमाचा काच कुणाला जाणवत नव्हता. कार्डं मोठी झाली म्हणूनच कंपन्यांना घड्याळ लावावं लागलं. मोठ्या कार्डाचा उपाय इथे नुसता निरुपयोगी नव्हता, तर दुखण्याचं मूळच तिथे होतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की खरं कारण उष्णता. सेन्सर तापतो म्हणून कंपन्या अर्ध्या तासावर थांबवतात. उष्णता खोटी नाही. पण पॅनासॉनिकचे जीएच१ आणि जीएच२ युरोपात अर्ध्या तासाशी थांबत आणि इतर काही बाजारांत चालत राहत. यंत्र तेच, तापणंही तेच. शिवाय उष्णतेने थांबणारा कॅमेरा मे महिन्यात लवकर थांबतो आणि डिसेंबरात उशिरा. घड्याळ लावून २९:५९ ला थांबत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शुल्क वाचलं तर फायदा गिऱ्हाइकाचाच. युरोपातल्या गिऱ्हाइकाचा, हे मान्य. पण बऱ्याच कंपन्यांनी तीच मर्यादा जगभर लावली. इथल्या माणसाला त्या शुल्काशी काही देणंघेणं नसताना त्याची बैठक मात्र तुटली. सगळीकडे एकच फर्मवेअर ठेवणं सोपं असतं, हे खरं. पण बाजारानुसार ते वेगळं ठेवता येतं हे पॅनासॉनिकने दाखवलंच होतं.

२०१५ च्या डिसेंबरात नैरोबीत जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञानाच्या २०१ वस्तूंवरचं शुल्क उठवण्याचा करार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत हे कारणच उरलं नाही. २०१९ च्या सोनी ए६४०० मध्ये अर्ध्या तासाची अट नव्हती. कॅननच्या २०२० च्या आर५ मध्ये मात्र २९:५९ तशीच होती, वर एटकेत तो वीसेक मिनिटांत तापायचाही. त्यामुळे सवय कुठे संपते आणि तापमान कुठे सुरू होतं हे त्या कॅमेऱ्यात वेगळं काढणं अवघड गेलं. २०२२ च्या आर६ मार्क टूने सलग सहा तासांची मुभा दिली. १०० मेगाबिटच्या हिशेबाने तासाला ४५ जीबी लागतात आणि ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत भरतं. तेव्हा असा कॅमेरा मधेच थांबला, तर मात्र आधी कार्डच तपासायला हवं.