चाळीस मिलीमीटरचा हत्ती

हत्तीला ४० मिलीमीटर लांब आणि तेवढाच रुंद बेस लागतो. शेजारी उभ्या राहणाऱ्या तिरंदाजांचा बेसही ४० मिलीमीटर रुंद, कारण समोरची रुंदी सगळ्यांना सारखीच. बदलते ती खोली. दाटीवाटीने उभ्या भालाइतांना १५ मिलीमीटर, घोडदळाला ३०, हत्तीला ४०. पातळ एमडीएफचे हे तुकडे कापून मिळतात. त्यांवर दीड सेंटिमीटर उंचीची, कथील-शिशाच्या मिश्रधातूची माणसं चिकटवायची. असे बारा बेस झाले की एक सैन्य उभं राहतं. पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात ते मावतं आणि ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन बसता येतं.

माझ्या खोक्यात पौरवाचं सैन्य असतं, ग्रीक ज्याला पोरस म्हणत त्याचं. इंग्लंडात राहायला आल्यावर मी या छोट्या शिपायांच्या युद्धखेळात पडले आणि आता स्पर्धांना जाते. स्पर्धा बहुतेक शाळेच्या नाहीतर क्लबच्या हॉलमध्ये, शनिवारी भरतात. दोन फूट लांबरुंद फळ्यांवर हिरवं किंवा मातकट कापड, कापडाखाली सारलेल्या टेकड्या, लोकरीच्या गोळ्यांची झाडं आणि चहाचे मग ठेवायला बाजूला वेगळं टेबल. मग फळीवर ठेवायचा नाही, हा अलिखित नियम सगळे पाळतात. खेळणारे बरेचसे निवृत्त. कुणी शिक्षक होतं, कुणी रेल्वेत. दोन डावांच्या मधल्या गप्पांत रोमन चिलखताच्या बिजागऱ्यांवर वीस मिनिटं बोलणारी माणसं इथेच भेटतात.

आम्ही जे नियम खेळतो त्यांचं नाव ‘डे बेलिस अँटिक्विटॅटिस’, सगळे म्हणतात ‘डीबीए’. फिल बार्कर यांच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने ते १९९० साली काढले. याच ग्रुपने प्राचीन युद्धांचे आपले पहिले नियम १९६९ मध्ये छापले होते. ते खेळायला अख्खी दुपार लागायची, शेकड्यांनी शिपाई रंगवावे लागायचे. डीबीएने सगळं बारा बेसवर आणि तासाभरावर आणलं. बार्कर यांची वाक्यं इतकी आवळलेली असतात की एका उपवाक्यावरून दोन टेबलांवर वेगवेगळे अर्थ निघतात, आणि तरीही मला ते नियम प्रिय आहेत. इ.स.पू. ३००० पासून इ.स. १५०० पर्यंतची जगभरची शेकडो सैन्यं त्यात याद्या करून दिली आहेत. पौरवाच्या यादीत हत्ती, रथ, घोडेस्वार आणि पुष्कळसे तिरंदाज.

रंगवायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, हे लोक दिसत कसे होते? याचं उत्तर एरियनच्या ‘इंडिका’त बरंचसं सापडतं. एरियन दुसऱ्या शतकातला, पण त्याच्यासमोर अलेक्झांडरचा दर्यासारंग निआर्कस याचं लिखाण होतं. भारतीय पायदळातले तिरंदाज माणसाच्या उंचीचं धनुष्य बाळगतात, ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून धरतात आणि मग दोरी ओढतात. बाण तीन हातांहून थोडाच आखूड. काहींच्या डाव्या हातात कच्च्या कातड्याची अरुंद, लांब ढाल. तलवार रुंद, दोन्ही हातांनी चालवायची. कपडे सुती, एक पोटरीपर्यंत आणि एक खांद्यावरून डोक्याला गुंडाळलेला. दाढ्या मात्र रंगवलेल्या: कुणाची पांढरी, कुणाची निळी, कुणाची तांबडी, जांभळी, अगदी हिरवीसुद्धा. दीड सेंटिमीटरच्या माणसाची दाढी म्हणजे एक ठिपका. पण तिरंदाजांच्या एका बेसवर एक निळा आणि एक हिरवा ठिपका पडला की ती रांग जिवंत होते. समोरचा खेळाडू वाकून विचारतोच, हे काय? मग मला निआर्कसबद्दल बोलता येतं.

पांढरं सुती कापड रंगवणं सर्वांत अवघड. थेट पांढरा लावला तर माणूस खडूचा दिसतो. आधी फिकट मातकट राखाडी, तो वाळला की पाण्यात पातळ केलेला तपकिरी वॉश, जो आपोआप चुण्यांत जाऊन बसतो, आणि शेवटी फक्त उंचवट्यांवर शुभ्र पांढरा. ब्रश फार बारीक घेऊ नये. तीन शून्यांच्या ब्रशवर रंग कापडापर्यंत पोचायच्या आत वाळतो. एक नंबरचा, पण टोक शाबूत असलेला ब्रश चांगला. माणसं एकेक करून पुरी करायची नसतात. आइसक्रीमच्या काड्यांवर ओळीने चिकटवायची, सगळ्यांची कातडी एका बैठकीत, सगळ्यांची धोतरं दुसऱ्या बैठकीत.

हत्तीच्या बाबतीत मी हट्टी आहे. इथल्या स्पर्धांत दिसणारे हत्ती बहुतेक सपाट राखाडी असतात. आपल्याकडे ज्याने हत्ती जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक असतं, की वयस्क हत्तीच्या कानाच्या कडा, सोंडेचं मूळ आणि कपाळ यांवर गुलाबी कातडी उघडी पडते आणि तिच्यावर काळपट ठिपके राहतात. हा रंग मी राखाडीत तपकिरी आणि किंचित मांसल गुलाबी मिसळून आणते. तेवढ्याने हत्ती देशी होतो.

आता डाव. पाळी आली की आधी एक फासा टाकायचा. जो आकडा येईल तेवढ्या हुकमांपुरतं तुमचं सैन्य त्या वेळी तुमचं ऐकतं. या हुकमांना आम्ही पिप म्हणतो. एकमेकांना चिकटून उभी असलेली रांग एका पिपमध्ये सरळ पुढे जाते. रांग तुटली की प्रत्येक तुकड्याला वेगळा पिप. हत्ती असलेल्या गटाला वर एक जादा, कारण हत्तीला हाकणं सोपं नसतं. म्हणजे एक पडला की हत्ती जागचे हलत नाहीत. दोन पडले तर हत्ती हलतील, पण मग घोडदळ उभंच राहील. पौरव खेळणाऱ्याचं सगळं दुःख या एका जादा पिपमध्ये आहे, आणि सगळा आनंदही.

झुंजीचा हिशेब असा. दोघेही फासा टाकतात आणि त्यात आपल्या दळाचा ठरलेला आकडा मिळवतात. पायदळाशी लढताना हत्तीचा आकडा ५. भालाफेके, गोफणवाले अशा हलक्या, विरळ पायदळाचा २. हलकं पायदळ हरलं तर बहुतेक वेळा मागे सरतं किंवा पळतं, पण हत्ती हरला तर संपतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी फक्त ३ मध्ये हत्ती मरतो: सहाला एक, सहाला दोन आणि पाचाला एक. धोका बारात एक. इथपर्यंत हत्ती अजिंक्य वाटतो. पण तोच हत्ती रांगेच्या पुढे एकटा गेला आणि त्याच्या दोन्ही कोपऱ्यांशी शत्रूचे बेस येऊन भिडले, तर दर बाजूला एक वजा होतो. पाचाचे तीन होतात. ३६ पैकी आता १० शक्यतांत हत्ती जमिनीवर.

तीनाचे दहा. मी हा आकडा कागदावर मांडला त्या दिवशी झेलमच्या काठची लढाई मला पहिल्यांदा नीट कळली. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरच्या हलक्या पायदळाने पौरवाच्या हत्तींना घेरून माहुतांवर मारा केला. दाटीत सापडलेले, जखमी, बिनमाहुताचे हत्ती मग आपलं-परकं न पाहता तुडवत सुटले, असं एरियन लिहितो. पौरवाकडे हत्ती किती होते यावर जुन्या लेखकांचं एकमत नाही: एरियन २०० सांगतो, डायोडोरस १३०, कर्टियस ८५. खेळताना कळतं की या वादापेक्षा मोठा प्रश्न दोन हत्तींच्या मधली पोकळी कोण भरून काढत होतं हा आहे. तिरंदाज हत्तीच्या खांद्याला खांदा लावून चालले तर कोपरे झाकले जातात. पण त्यासाठी रांग एकत्र ठेवावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक पाळीला दोन पिप हवेत. शिवाय कर्टियस म्हणतो की पावसाने जमीन निसरडी झाली होती, रथ रुतत होते, लांब धनुष्यं टेकवायला पक्की जागा मिळत नव्हती. म्हणून मी स्वतः जमीन मांडणार असेन तेव्हा दलदलीचा कापडी तुकडा कुठे पडतोय याकडे माझं जास्त लक्ष असतं.

बारांपैकी चार बेस गमावले आणि समोरच्याने त्याहून कमी गमावले असले की डाव संपला. सेनापती गमावणंही तितकंच महाग. स्पर्धा स्विस पद्धतीने चालते, बुद्धिबळात असते तशी: जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी. घरी कुणालाच पहिल्या डावानंतर पाठवत नाहीत.

मला या स्पर्धांत सर्वांत मोलाची वाटते ती मोजणीची सभ्यता. प्रशियात रायस्वित्झने १८२४ साली आपला युद्धखेळ लष्करापुढे ठेवला तेव्हा दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसे. तोच सगळं पाही, तोच निकाल देई. एच. जी. वेल्सने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ मध्ये दिवाणखान्याच्या फरशीवर स्प्रिंगच्या तोफांनी शिशाचे शिपाई पाडले, तिथे पडला की पडला, वादाला जागा नव्हती. आमच्या टेबलावर पंच नसतो; हाक मारली तरच येतो. आणि प्रश्न तर मिलीमीटरचे असतात. दोन बेस भिडताना कोपऱ्याला कोपरा जुळावा लागतो. म्हणून हात लावण्यापूर्वी बोलायचं: मी हे इथे ठेवतेय, तुमच्या स्वारांच्या टप्प्याबाहेर, मान्य? समोरचा पट्टी लावतो, मान हलवतो. पुढे कोपराच्या धक्क्याने बेस दोन मिलीमीटर सरकला तरी तो शब्द कायम राहतो. माझी घोडचूक घडण्याआधी, तुमचा डावा कोपरा उघडा पडतोय, असं सांगणारे प्रतिस्पर्धी मला भेटले आहेत, आणि तो डाव नंतर त्यांनीच हरलेलाही मी पाहिला आहे. जिंकण्यासाठी आलेल्या माणसाने हे करणं ही मोठी गोष्ट आहे.

एका बाबतीत मात्र मी स्पर्धावाल्यांच्या विरोधात आहे. खुल्या स्पर्धेत कुठलंही सैन्य कुणाशीही भिडतं. अॅझ्टेक आणि व्हायकिंग, असीरियन आणि जपानी सामुराई. गुणांवर सैन्य उभारायच्या मोठ्या खेळांत, उदाहरणार्थ आज युरोपात जोरात असलेल्या फ्रेंच ‘ल’आर द ला गेर’ मध्ये, तर इतिहासापेक्षा फायद्याची तुकडी शोधण्याकडेच पुष्कळांचा कल जातो. तिथे चाल शिकता येते, इतिहास शिकता येत नाही. ज्या स्पर्धांत काळ किंवा प्रदेश ठरवून दिलेला असतो तिथेच खरा कस लागतो, कारण पौरवाच्या हत्तींसमोर मकदुनियाचे लांब भाले आले तरच त्या यादीतला प्रत्येक बेस तिथे का आहे हे कळतं.

यादीवरून मराठ्यांपाशी येते. १५०० ला थांबणाऱ्या या नियमांत शिवाजी महाराजांचा काळ बसत नाही. पुढच्या शतकांसाठी इथले खेळाडू वेगळे नियम वापरतात, आणि मला कुणी तरी दर वेळी विचारतं की मराठ्यांचं सैन्य कसं मांडायचं. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मांडता येईल: इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी, तोफा, डावी-उजवी बाजू, सगळं एका फळीवर येतं. पण पालखेड? १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला गाठलं ते रसद आणि पाणी तोडून; समोरासमोरची मोठी रांग तिथे लागलीच नाही. दोन फुटांच्या फळीवर आणि चार बेसच्या हिशेबात ही लढाई मावत नाही. तिला नकाशावरची मोहीम लागेल, दिवसाचे कोस लागतील, घोड्यांचा थकवा लागेल.

हे काम इंग्लंडातल्या हॉलमध्ये बसून व्हायचं नाही. मोडी कागद, बखरी आणि पेशवे दफ्तरातली पत्रं ज्यांना वाचता येतात त्यांनी ते करायला हवं: एका पथकात बारगीर किती आणि शिलेदार किती, दिवसाची मजल केवढी, चंदीविना घोडं किती तग धरतं, तोफखाना कुणाच्या वेगाने चालतो. एवढं नेमकं मिळालं तर नियम लिहिणारे माझ्या ओळखीत आहेत. आणि करून पाहायला धातूचे शिपाईही लागत नाहीत. पुठ्ठ्याचे ४० मिलीमीटर रुंद तुकडे कापा, त्यावर पेनाने ‘बारगीर’, ‘गारदी’, ‘जंबुरा’ लिहा, दोन फासे घ्या आणि एखाद्या मित्राला समोर बसवा. काय जमलं, काय अडलं ते लिहून ठेवा.