फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर: ‘शेवटी नर्सच ना?’

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तिथल्या दवाखान्यात एक गोष्ट हमखास खटकते. तपासायला डॉक्टरांऐवजी नर्स प्रॅक्टिशनर येते. तीच छाती तपासते, रक्तचाचण्या सांगते, मधुमेहाच्या गोळ्या बदलून देते. ‘शेवटी नर्सच ना?’ ही शंका तिथे सुरू होते आणि या शिक्षणाबद्दलचे बरेच गैरसमज तिच्यातूनच निघतात.

ती नर्स असतेच, पण पुढे शिकलेली. आधी नर्सिंगची पदवी, मग ‘एनक्लेक्स’ परीक्षा देऊन रजिस्टर्ड नर्सचा परवाना आणि त्यानंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट. या अभ्यासाचा कणा तीन विषयांचा: आजारात शरीरात नेमके काय बिघडते, औषधे कशी काम करतात आणि रुग्णाची प्रगत शारीरिक तपासणी. पण खरा बदल विषयांपेक्षा जबाबदारीत आहे. वॉर्डातली नर्स रुग्णाला धाप लागलेली ओळखते, नोंदवते, डॉक्टरांना कळवते. नर्स प्रॅक्टिशनरला पुढचे ठरवावे लागते: हा दमा, न्यूमोनिया की हृदय कमकुवत झाल्याची खूण? घरी पाठवायचे की थेट इमर्जन्सीत? निदान चुकले तर उत्तर तिलाच द्यायचे असते. म्हणूनच वर्षानुवर्षे आयसीयूत काम केलेल्या अनुभवी नर्सलाही हे शिक्षण जड जाते.

ही वाट अलीकडची नाही. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो मुलांच्या आरोग्यसेवेसाठी.

‘ऑनलाइन पदवी, घरबसल्या मिळते’ हा समज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. वर्ग अनेक ठिकाणी ऑनलाइन असतात, रुग्ण नसतात. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान 500 तास ही जुनी अट होती. 2022 च्या राष्ट्रीय निकषांनी ती 750 वर नेली. हे तास अनुभवी डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या देखरेखीखाली भरायचे. त्यांना तिथे प्रिसेप्टर म्हणतात. अनेक संस्था मात्र प्रिसेप्टर शोधण्याचे काम विद्यार्थ्यावरच टाकतात. मला हे अन्यायाचे वाटते: भरमसाट फी घेणाऱ्या संस्थेने शिकवणारा माणूसही द्यायला हवा. प्रवेशापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच: प्रिसेप्टर कोण देणार?

मग ती डॉक्टरच्या बरोबरीची का? प्रशिक्षणात नाही. तिथला फॅमिली डॉक्टर चार वर्षे मेडिकल कॉलेज आणि तीन वर्षे रेसिडेन्सी करतो. पण याचा अर्थ तिची सेवा दुय्यम, असाही होत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1316 रुग्णांचा यादृच्छिक अभ्यास झाला आणि 2000 साली तो ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्राथमिक उपचारांत सहा महिन्यांनंतर नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलेल्या आणि डॉक्टरकडे गेलेल्या, अशा दोन्ही गटांतील रुग्णांची प्रकृती सारखीच आढळली. हा अभ्यास प्राथमिक उपचारांपुरताच आहे, हे विसरून त्याचा दाखला देणे चूक.

डॉक्टरेट सक्तीची नाही. 2015 पर्यंत ती व्हावी अशी शिफारस 2004 मध्ये झाली होती, ती शिफारसच राहिली. ‘फॅमिली’ म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीआजोबांपर्यंत सगळे, पण कोणताही वॉर्ड चालेल असे नव्हे. मानसोपचारासाठी वेगळे शिक्षण, वेगळी परीक्षा.

‘डॉक्टरच्या सहीशिवाय तिला काहीच करता येत नाही’ हेही सरसकट खरे नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत ती स्वतंत्रपणे तपासू आणि औषधे लिहून देऊ शकते. टेक्सासमध्ये औषधे लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. शिकण्याआधीच राज्य पाहावे ते यासाठी.

महाराष्ट्रातून एमएस्सी नर्सिंग करून जाणाऱ्या मुलींना वाटते, पदव्युत्तर पदवी आहेच, थेट परीक्षेला बसू. तसे बसता येत नाही. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या परीक्षेसाठी अमेरिकेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे, पण तो अतिदक्षता विभागासाठी. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे प्रशिक्षण सहा महिन्यांचे असते. ते गावाच्या कामाचे आहे, मात्र त्या जोरावर तिकडचा परवाना मिळत नाही.