‘तुम्हीच पेपर टाका’

आमच्या ऑफिसात कुणालाच काढत नाहीत. मजल्यावरच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या झाल्या, पण एचआरला विचारा, सगळ्यांनी स्वतःहून राजीनामे दिलेत. कागदोपत्री ते खरंही आहे.

मी साकीनाक्याला एका मोठ्या विमा कंपनीत आरोग्य विम्याचे दावे तपासते. कंपनीचं नाव सांगणार नाही, पगार अजून तिथूनच येतो. मेट्रोतून उतरलं की एका बाजूला खैरानी रोडचे गाळे, लेथची घरघर, माल भरायला आडवे लावलेले टेम्पो. दुसऱ्या बाजूला आमच्या काचेच्या इमारती. गाळ्यातल्या मालकानं कारागिराला काढलं तर शिवीगाळ रस्त्यापर्यंत ऐकू येते. आमच्याकडची बातमी चहाच्या टपरीवर फुटते. महिन्याच्या मध्येच कुणी उधारी चुकती केली की टपरीवाला समजतो, हा चालला.

पद्धत साधारण ठरलेली. वर्षानुवर्षं बरं रेटिंग मिळवणाऱ्या माणसाचं रेटिंग एका एप्रिलात घसरतं. मग ‘पीआयपी’, म्हणजे कामगिरी सुधारण्याचा आराखडा. त्यातली टार्गेट अशी असतात की सुधारून परत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. कुणाला पीआयपीऐवजी बदली मिळते. डोंबिवलीत घर, मुलगी दहावीला, आणि ऑर्डर रायपूरची. कुणाचं कामच बाहेरच्या एजन्सीकडे जातं. शेवटी काचेच्या खोलीत बोलावणं. आत विभागप्रमुख आणि एचआरची पंचविशीतली मुलगी, जी तोपर्यंत ‘मॅम, मॅम’ करत असते. म्हणणं एवढंच : आज पेपर टाका, नोटीस पिरियडचा पगार देतो, रिलिव्हिंग लेटर स्वच्छ देतो. नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल आणि पुढच्या कंपनीनं व्हेरिफिकेशनला विचारलं तर तसं सांगावं लागेल. माणूस या शेवटच्या वाक्याला भितो. पन्नाशीकडे झुकलेला तर जास्तच.

माझ्या शेजारच्या डेस्कवरची बाई चौदा वर्षं होती. तिला त्या खोलीत वीस मिनिटं लागली.

राजीनामा आणि काढून टाकणं यांत नुसता शब्दांचा फरक असता तर कंपनीनं एवढा आटापिटा केला नसता. फरक पैशाचा आहे. कर्मचारी कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ असेल, त्याची वर्षभर सलग सेवा झाली असेल, आणि कंपनीनं कपातीसाठी त्याला काढलं, तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेनं आणखी एक भर घातली : पुनर्कौशल्य निधीत कंपनीनं पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि ४५ दिवसांत तो काढलेल्या कामगाराच्या खात्यात यायचा. चौदा वर्षांचा हिशेब केला तर साधारण सात महिन्यांचा पगार, वर नोटीस, वर हा निधी. राजीनामा दिला की यातलं काहीच देणं लागत नाही. ग्रॅच्युइटी तेवढी मिळते, कारण पाच वर्षं झाली की ती राजीनाम्यावरही द्यावीच लागते. एचआर मात्र ती ‘पॅकेज’च्या कागदावर अशी मांडते, जणू कंपनीच्या औदार्यातून आलीय.

विम्यातला माणूस हे वाचताना आणखी एका कारणानं हसतो. नोकरी गेल्यास गृहकर्जाचे दोन-तीन हप्ते भरणारं संरक्षण काही पॉलिसींना जोडून मिळतं. त्याचे अपवाद मी वाचलेत : स्वेच्छेनं दिलेला राजीनामा, कामगिरी कमी पडल्यामुळे गेलेली नोकरी. म्हणजे पीआयपीची फाइल आणि राजीनाम्याचं पत्र, दोन्ही दावा नाकारायला तयार.

मोजणीतही हे लोक सापडत नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे बारा हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा निदान आकडा समोर आला, त्यावर बोलता आलं. गुपचूप कपातीला आकडाच नसतो. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना सेबीला जो शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, त्यात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण छापलेलं असतं. चांगल्या संधीसाठी गेलेला पोरगा आणि काचेच्या खोलीतून रडत बाहेर पडलेली बाई त्या टक्केवारीत शेजारी-शेजारी बसतात.

माझे बाबा एलआयसीत क्लार्क होते. त्यांना हे सगळं सांगितलं की ते आधी विचारतात, ‘‘अगं, मग युनियन काय करतेय?’’ युनियन नाही म्हटलं की गप्प होतात, मग १९७४ च्या बोनसची गोष्ट सुरू होते. ती मला पाठ आहे, पण हल्ली मी नीट ऐकते. त्या वर्षी एलआयसीनं कर्मचाऱ्यांशी बोनसचा करार केला. आणीबाणीत सरकारला तो मोडायचा होता, तर १९७६ मध्ये त्यासाठी संसदेत खास कायदा करावा लागला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तो रद्द ठरवला. बाबांच्या पिढीचा बोनस काढून घ्यायला संसद लागली. आमची नोकरी काढून घ्यायला एक एचआरची मुलगी पुरते. एलआयसीतलं सगळंच थोर होतं असं मी म्हणणार नाही. बाबांच्या टेबलावर फाइली किती दिवस पडून असत ते मला आईनं सांगितलंय.

राजीनाम्याबद्दलही बाबांचं एक ठरलेलं उदाहरण आहे : सी. डी. देशमुख. जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्री म्हणून आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. सप्टेंबरात एलआयसी उभी राहिली तेव्हा ते मंत्री नव्हते. ‘‘त्याला म्हणायचं राजीनामा,’’ बाबा म्हणतात.

कंपन्यांची बाजूही सांगते. खर्चावर नियामकाची मर्यादा आहे. २०२३ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना व्यवस्थापन खर्च, कमिशन धरून, एकूण हप्त्याच्या ३० टक्क्यांत बसवावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकाला ते चांगलंच, पण आधी भरलेल्या कराची वजावट त्या पॉलिसींवर कंपन्यांना मिळेनाशी झाली. त्यातच कागद वाचायचं आमचं निम्मं काम आता सॉफ्टवेअर करतं. माणसं कमी लागणार हे मला मान्य आहे. तसं तोंडावर सांगून, हिशेब देऊन पाठवायला काय हरकत आहे, एवढंच माझं भांडण.

कारण न सांगता माणसं जायला लागली की राहिलेल्यांचं काय होतं ते बघा. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून कॅशलेसची विनंती आली की तासाभरात, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत आम्ही उत्तर द्यायचं. पूर्वी किचकट दावा आला की मी शेजारी सरकून विचारायचे. आता कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं तर ‘हिला येत नाही’ अशी नोंद व्हायची भीती. शंका असेल तिथे रुग्णाच्या बाजूनं निर्णय घ्यायचं धाडसही कुणी करत नाही, चूक निघाली तर पीआयपीला आयतं निमित्त. मग आणखी एक कागद मागवायचा. तिकडे घाटकोपरच्या रुग्णालयात कपडे बदलून बसलेल्या आजोबांना वाटतं, विमा कंपनी मुद्दाम छळतेय.

आता ‘कामगार’ कोण, हा प्रश्न. आमच्याकडे सगळेच मॅनेजर : असिस्टंट, डेप्युटी, सीनियर. हाताखाली माणूस एकही नाही. पण न्यायालयं कार्डावरचा हुद्दा बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एलआयसीच्या विकास अधिकाऱ्यालाही कामगार मानलं होतं. पुढच्या निकालांनी ही व्याख्या आवळली, म्हणून खात्री कुणीच देणार नाही, पण दिवसभर बिलं तपासणाऱ्या ‘डेप्युटी मॅनेजर’नं आपण मॅनेजर आहोत असं स्वतःच ठरवून टाकू नये. तक्रार कुठे करायची यातही लोक चुकतात. बीकेसीतलं कामगार भवन राज्य सरकारचं. अनेक राज्यांत शाखा असलेल्या विमा कंपनीचा वाद केंद्राच्या अखत्यारीत येतो, त्यासाठी शीवच्या श्रम रक्षा भवनात जावं लागतं.

दबावाखाली घेतलेला राजीनामा आव्हान देण्याजोगा असतो, पण दबाव दाखवता आला पाहिजे. २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्यानं एचआरशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, असं त्याला सांगितलं गेलं होतं. ते सगळीकडे पसरलं आणि खुद्द आनंद महिंद्रांना जाहीर माफी मागावी लागली. रेकॉर्डिंग नसेल तर त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून लिहून ठेवावं : कोण होतं, काय म्हणालं, किती वाजता. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी तो मागे घेता येतो. आणि वेतन संहितेप्रमाणे हिशेब आता दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, मग राजीनामा असो की हकालपट्टी.

माझ्या शेजारणीनं त्या खोलीत सही केली नाही. ‘काढायचं तर तसं लिहून द्या,’ एवढंच म्हणून बाहेर आली. घरी जाऊन तिनं ईमेल टाकली. काही दिवस तिच्या लॉगिनवर एकही दावा आला नाही, नुसती बसून होती. मग पुन्हा बोलावणं आलं, आणि नोटीशीशिवाय आणखी चार महिन्यांचा पगार टेबलावर आला. सात हवे होते. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, लढू, पण वर्षं लागतील. तिनं चार घेतले. तिच्या पत्रावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असंच लिहिलंय, आणि तिच्या जागी मी असते तर मीही घेतले असते.