वराहपालन आणि निकामी होणारीं औषधें

आमच्या आष्टीस पुष्कळांच्या घरीं डुकराचें मांस शिजत नाहीं. तेव्हां वराहपालनांतील रोगजंतूंशीं आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

व्यापारी वराहपालनांत शेंकडों जनावरें एका छपराखालीं दाटीनें राहतात. एकाच्या विष्ठेंतील जंतु दुसऱ्याच्या खाद्यांत, पाण्यांत आणि राबणाऱ्या माणसांच्या हातांवर जातात. रोग पसरूं नये व वजन लवकर वाढावें म्हणून कित्येक देशांत खाद्यांतच प्रतिजैविक औषध थोडथोडें मिसळण्याची चाल पडली. घात या थोडथोड्यांतच आहे. अशा अपुऱ्या मात्रेनें दुबळे जंतु तेवढे मरतात. चिवट उरतात व त्यांचाच वंश वाढतो. पेनिसिलीनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल व्याख्यानांत हाच धोका सांगून ठेविला होता.

इतर औषधें हरलीं म्हणजे डॉक्टर ज्याकडे वळतात, त्या औषधांपैकीं कोलिस्टिन हें एक. चीनमधील शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, डुकरांच्या आंतड्यांतील ई. कोलाय जंतु त्यासही दाद देईनासे झाले आहेत. तपासलेल्या ८०४ जनावरांपैकीं १६६ जनावरांत व १३२२ रुग्णांच्या नमुन्यांपैकीं १६ नमुन्यांत हा गुण सांपडला. तो प्लास्मिड नांवाच्या सुट्या वलयावर असतो. म्हणून तो केवळ पिढीजात राहत नाहीं, शेजारच्या परक्या जातीच्या जंतूसही मिळतो. वर्गांत एकाच्या वहीवरून दुसऱ्यानें गणित उतरून घ्यावें, तसाच हा प्रकार! मग विष्ठा ओढ्यांत, ओढ्याचें पाणी भाजीवर आणि भाजी मांस न खाणाऱ्याच्याही ताटांत.

आपल्या सरकारनें जुलै २०१९ मध्यें अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांकरितां, कोंबड्यांकरितां व पशुखाद्यांत कोलिस्टिनची विक्री बंद केली, हें उत्तम झालें. परंतु ती बंदी एका औषधाची होती. शेळी आजारली कीं घरांतील उरलेली गोळी कुटून पाजणारे महाभाग आहेतच. आणि टोंचलेल्या गाईचें दूध किती दिवस वापरूं नये, हें पशुवैद्यास विचारणारे थोडे. विद्यार्थ्यांनीं एवढें तरी घरीं सांगावें कीं, जनावरास औषध द्यावयाचें तें पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच व पुऱ्या मात्रेनें द्यावें. गोठ्यांतून आल्यावर साबणानें हात धुवावे. शेण व विष्ठा ढीग घालून, मधूनमधून खालवर करून पुरती कुजवावी; त्या उष्णतेनें पुष्कळ जंतु मरतात. कोथिंबीर, मुळा वगैरे कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या वाफ्यांत ताजें खत मुळींच घालूं नये.