विश्लेषण : अंगणवाडीची वही मोबाइलमध्ये गेली, वावरच्या बाळाला काय मिळाले?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरहून अधिक बालके कुपोषणाने दगावली आणि हे नाव राज्यभर पोहोचले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. आज त्याच पाड्यांवरील बाळांच्या वजनाची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर होते. देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांचा कारभार वहीतून मोबाइलवर आणणारा हा बदल नेमका काय आहे?

पूर्वी काय अडचण होती?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविकेकडे तब्बल ११ नोंदवह्या असत. महिनाअखेरीस त्यांवरून अहवाल तयार होई. तो पर्यवेक्षिकेकडून प्रकल्प कार्यालयात, तेथून जिल्हा परिषदेत आणि मग वर जाई. बाळाचे वजन घसरल्याचे वरच्या अधिकाऱ्याला कळेपर्यंत आठवडे उलटत. शिवाय कागदावर दिसत ते एकूण आकडे, एकेक बाळ नव्हे.

पोषण ट्रॅकर काय करतो?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये हे अ‍ॅप आणले. सेविका बाळाचे वय, वजन व उंची भरते. उंचीच्या मानाने वजन किती कमी आहे, हे अ‍ॅप जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर तपासते आणि बाळ मध्यम कुपोषित (मॅम) की तीव्र कुपोषित (सॅम), ते लगेच सांगते. तीव्र कुपोषित बाळाला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे असते. तेथे दिवसांचा हिशेब महत्त्वाचा असतो.

सेविकांचा विरोध का झाला?

२०२१ मध्ये राज्यातील हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोनची क्षमता कमी, दुरुस्तीचा खर्च अंगावर आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी, अशी त्यांची तक्रार होती. अ‍ॅप पुढे मराठीत आले. मोठ्या यंत्रणांमध्ये हे नेहमीच घडते : निर्णय वर होतो, पण तो चालवायचा असतो शेवटच्या माणसाने. त्याला आधी विचारले नाही, तर यंत्र येते आणि काम मात्र दुप्पट होते. रेंज नसल्याने वहीतही लिहायचे आणि मग रेंज मिळेल तिथे उभे राहून मोबाइलवरही भरायचे.

चेहरा ओळखण्याची अट काय आहे?

घरपोच आहार (टीएचआर) योग्य हातात पडावा, यासाठी १ जुलै २०२५ पासून लाभार्थ्याची चेहऱ्यावरून ओळख पटवणे बंधनकारक झाले. आधी आधारवर आधारित ई-केवायसी, मग आहार घेताना चेहऱ्याची पडताळणी. बोगस नोंदींना त्यातून आळा बसू शकतो. पण आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असेल, किंवा फोन घेऊन घरधनी कामावर गेला असेल, तर ओटीपी येणार कुठे? सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना आणि गरोदर व स्तनदा मातांना पोषण आहार हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. पडताळणी अडली म्हणून तो हक्क अडता कामा नये.

स्थलांतर झाले तर?

जव्हार-मोखाड्याची खरी कसोटी इथेच आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडीकडे जातात. बाळ आईसोबत जाते. वजनाची नोंद थांबते. वहीच्या काळात ते चार-सहा महिने दिसेनासे होई. अ‍ॅपमध्ये नोंद दुसऱ्या अंगणवाडीत वळवता येते. राज्यानेही पालघरसह काही जिल्ह्यांत ‘महाएमटीएस’ ही स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर आणली. मात्र भट्टीवर जाऊन त्या आईला शोधणारी सेविका तिथे लागतेच.

मग फायदा कशात मोजायचा?

किती नोंदी भरल्या, यात नाही. घसरलेले वजन दिसल्यावर किती दिवसांत बाळाला उपचार मिळाले आणि पावसाळ्यात, कामे नसताना, ते पुन्हा खाली घसरले का, यात. वजनकाटा नीट चालतो का, पर्यवेक्षिकेची पदे भरलेली आहेत का, आहार वेळेवर पोहोचतो का, हे प्रश्न अ‍ॅप सोडवत नाही. ते फक्त लवकर दाखवते. वावर-वांगणीत उशीर झाला होता. आता माहिती वेळेत येते. त्यामुळे यापुढे ‘कळलेच नाही’ असे कोणत्याही कार्यालयाला म्हणता येणार नाही.