गाडीत बिऱ्हाड, समुद्रात बुडी

आपल्या घरांतून प्रवास होत नाही असे नाही. सहा डिसेंबरला आपण जातो, गावच्या लग्नाला जातो, आजारी माणसाला भेटायला जातो. परंतु केवळ पाहण्यासाठी, शिकण्यासाठी आणि मोकळा श्वास घेण्यासाठी बायको-मुलांसह चार दिवस बाहेर पडणे ही गोष्ट कामगाराच्या घरात अजून चैनीची समजली जाते. हॉटेलचे भाडे ऐकले की बेत जागच्या जागी विरतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही कोकण किनाऱ्यावर जी पाच दिवसांची सहल केली, तिची हकीकत आणि हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे एक मित्र मंडप-डेकोरेशनचा धंदा करतात. त्यांच्याकडे बोलेरो कॅम्पर आहे. पुढे दोन ओळींत पाच माणसे बसतात आणि मागे सामानाचा हौदा असतो. हौद्यात माणसे बसवून नेणे कायद्याला धरून नाही आणि जिवालाही बरे नाही, म्हणून आम्ही पाचच जण निघालो. मित्र, आम्ही उभयता, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. हौद्यात सहा फळ्या, ताडपत्री, बांबू, दोन सतरंज्या, छोटा गॅस, वीस लिटर पाण्याचे दोन कॅन आणि शिधा. रात्री फाळका पाडून त्यावर फळ्या टाकल्या की मायलेकींच्या निजण्याची सोय होई. बाजूला ताडपत्री ताणली की पुरुषांचा तंबू तयार. मंडपवाल्याच्या गाठी वाऱ्यालाही सुटत नाहीत, हे आम्ही पाहिले.

१९ फेब्रुवारीची शिवजयंती सोमवारी आली होती. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मिळाले, पुढे दोन किरकोळ रजा टाकल्या. शनिवारी पहाटे पनवेल सोडले. मुंबई-गोवा महामार्गाचे काम तेव्हाही चालूच होते, त्यामुळे हाडे खिळखिळी झाली. महाडला चवदार तळ्यावर थांबलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्या ओंजळीचा खटला १९३७ साली उच्च न्यायालयात निकाली निघाला, हे मुलांना पायरीवर बसून सांगितले. मुलगी म्हणाली, "बाबा, मग आपल्यातल्या किती जणांना पोहता येतं?" आम्ही आमच्या वसाहतीतली घरे एकेक करून आठवली. बोटे पाचाच्या पुढे गेली नाहीत. आणि त्या पाचांत बाई एकही नव्हती.

अष्टमी आणि सहाची भरती

मंडणगड तालुक्यातून, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे तिथून, आम्ही दुपारी वेळासला पोचलो. हे गाव कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचविण्याचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते उचलून धरले. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. कुत्री, कोल्हे, माणसे यांच्यापासून वाचावीत म्हणून ती अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात हलवितात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले निघतात. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निपजतात आणि थंड राहिली तर नर. त्या संध्याकाळी चार पिल्ले सोडली. तळहाताएवढीही नव्हती. लाट मागे ढकली, ती पुन्हा चालत. हजारात एखादेच मोठे होते असे अभ्यासक मानतात.

एका घरमालकाच्या परवानगीने आम्ही त्यांच्या अंगणात गाडी लावली. हा नियम पुढेही पाळला. थेट वाळूवर गाडी नेणे टाळावे. भरतीच्या पाण्यात चाके रुतून गाड्या बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कासवांच्या किनाऱ्यावर तर रात्री दिवाही लावू नये, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. अंगण, संडास व न्हाणीघर यांचे ठरवून पैसे द्यावेत. गरीब माणसाने गरीब माणसाची सोय फुकट वापरू नये.

त्या घरच्या आजोबांनी आम्हांला एक हिशेब शिकविला. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. त्या दिवशी अष्टमी होती. आठाचे पाऊणपट सहा. आणि खरोखरच सहाच्या सुमारास पाणी पुरते चढले. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कारकुनाला हिशेबाची गोडी असतेच, पण हा हिशेब जीव वाचविणारा आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली १४ मुले-मुली बुडून गेली. अनोळखी किनाऱ्यावर स्थानिक मच्छीमाराला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, ओहोटीच्या वेळी तर नाहीच. पाणी आत ओढू लागले तर ओढीच्या विरुद्ध झगडून दम घालवू नये. किनाऱ्याला समांतर सरकावे, ओढ सुटली की मग बाहेर यावे.

तरीवरून तरीवर

दुसऱ्या दिवशी केळशी, हर्णे करीत दाभोळला आलो. पूर्वी वाशिष्ठीची खाडी ओलांडायला गाडीने लांबचा वळसा घ्यावा लागे. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. बोलेरो, मोटारसायकली, कोळणींच्या टोपल्या, शाळेची मुले सगळे एकाच लोखंडी तळावर. रात्र गुहागरला काढली. तिसऱ्या दिवशी तवसाळ-जयगड अशी आणखी एक तर घेतली आणि रत्नागिरी, देवगड मागे टाकीत रात्री उशिरा मालवण गाठले. जेवण दोन्ही वेळा स्वतःचेच. सकाळी पोहे, दुपारी घरून आणलेल्या भाकऱ्या आणि चटणी, रात्री भात आणि बंदरावर घेतलेले बांगडे. एके ठिकाणी रापण ओढणे चालू होते. गावची पंचवीस-तीस माणसे अर्धवर्तुळात टाकलेले जाळे किनाऱ्यावरून हातांनी ओढतात आणि मासळीची वाटणी होते. आमच्या मुलानेही दोर धरला, तर त्याला मूठभर मासळी मिळाली. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका आल्यापासून आमच्या वाट्याला काय उरते, असे त्यातला एक वृद्ध म्हणाला. हा वाद कोकणात जुना आहे.

पाण्याखालचा श्वास

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतला आणि १६६७ ला तो पुरा झाला. त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली येथील २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपली मासेमारी बंद पडेल म्हणून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. आज त्याच मच्छीमारांची अनेक मुले पर्यटकांना समुद्राखाली नेऊन पोट भरतात. पावसाळ्यात हे काम बंद असते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते.

धक्क्यावर एक छापील अर्ज भरायला दिला. हृदयविकार, दमा, कानाचा आजार, फिट्स, गरोदरपण. आमच्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. तेथील एका बोटवाल्याने कानाशी लागून सांगितले, "लिहू नका हो, काही होत नाही." मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही अर्जावर दमा लिहिला आणि मुलाला नकार मिळाला. त्याचे डोळे भरून आले. त्याला कारण समजावून सांगितले ते येथेही सांगतो, कारण अनेक घरांत हा प्रश्न येईल.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला असतो हा गैरसमज आहे. त्यात आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि तिथे छातीत घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होऊ पाहते. श्वास चालू ठेवला तर ती आपोआप बाहेर पडते. श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकते. दमेकऱ्याच्या आकसलेल्या नळ्यांत हवा अडकून हाच धोका होतो, आणि त्यासाठी दहा मीटर खोली लागत नाही, थोडीही पुरते. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा, कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, म्हणजे कानाच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. तिसरा नियम खुणांचा. अंगठा वर केला की "मस्त" नव्हे, "मला वर न्या" असा अर्थ होतो. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

मुलगी नगरपालिकेच्या तलावावर दोन उन्हाळे पोहायला शिकली आहे. ती आधी उतरली. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकतो, तेव्हा मुलींच्या कपड्यांची ज्यांना काळजी वाटते त्यांनी ती सोडावी. मग मुलांच्या आईची पाळी आली. त्या मराठवाड्यातल्या. बालपणी पाणी म्हणजे डोक्यावरची घागर आणि दोन कोसांची पायपीट. गुडघ्यावर पाण्यात त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. "अहो, मला नको. पोरीनं पाहिलं, मला पोचलं," एवढेच त्या म्हणत होत्या. मुलगी पाण्यातूनच ओरडली, "आई, तू ये. मी इथंच आहे." शिकविणारा मालवणी तरुण म्हणाला, "काकीनू, घाबरू नकात, मी आसंय मा."

त्यांनी बोटीच्या शिडीला धरून दहा मिनिटे नुसता तोंडाने श्वास घेण्याचा सराव केला. दोनदा रेग्युलेटर काढून टाकला. तिसऱ्यांदा डोके पाण्याखाली गेले ते वर आले नाही. आम्ही बोटीवरून बुडबुडे मोजीत होतो. बुडबुडे येत आहेत म्हणजे श्वास चालू आहे. चार-पाच मीटरवर त्या पंधरा मिनिटे राहिल्या. वर आल्यावर पहिले वाक्य आले, "खाली कुणी बोलतच नाही हो. नुसता आपलाच श्वास ऐकू येतो." मग काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा, खडकाला चिकटलेले प्रवाळ, काटेरी साळिंदरासारखा समुद्री प्राणी, सगळे एका दमात सांगितले.

प्रवाळ हा दगड वाटतो, पण तो प्राण्यांचा समूह आहे. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यावर प्रवाळ जगते. पाणी फार तापले की ते शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि उपासमारीने मरू शकते. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. त्यावर पाय ठेवू नये. फोटोसाठी माशांना पाव चारतात, तोही चारू देऊ नये, कारण ते त्यांचे अन्न नव्हे आणि त्याने त्यांची सवय बिघडते. आम्ही तसे सांगितले, तर त्या तरुणाने पाव निमूट बोटीत ठेवला.

मुलाला संध्याकाळी आम्ही तारकर्लीच्या किनाऱ्यालगत, लाईफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून नेले. तोंड पाण्यात घालून त्याने वाळूत चालणारा खेकडा पाहिला. राग थोडा ओसरला, पुरता नाही.

हिशेब

जाऊन-येऊन सुमारे साडेअकराशे किलोमीटर झाले. डिझेल नऊ हजार, तरींचे आठशे, तिघांच्या बुडीचे तीन हजार, खाणेपिणे साडेतीन हजार, अंगण-न्हाणीचे चौदाशे. एकूण सतरा हजार सातशे, म्हणजे माणशी साडेतीन हजारांच्या आसपास. गाडी मित्राची असल्याने भाडे पडले नाही, ज्यांना भाड्याने घ्यावी लागेल त्यांनी ते वेगळे धरावे. बुडी घ्यायची नसेल तर तीन हजार कमी. भिशीत महिन्याला तीनशे टाकले तर वर्षात एका माणसाची सहल निघते.

पण पैशांपेक्षा मोठी तयारी पोहण्याची आहे. शिकविणारा हात धरून नेतो, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही उथळ बुडी घेता येते. परंतु ज्याला पोहता येते तो पाण्यात घाबरत नाही, आणि घाबरलेल्या माणसालाच पाणी बुडविते. बहुतेक मोठ्या शहरांत महापालिकेचे तलाव आहेत आणि उन्हाळी वर्गांची फी क्लबांच्या मानाने बरीच कमी असते. मुलग्यांना पाठवतो तसे मुलींनाही पाठवावे.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या वसाहतीतून चार मुलींनी नावे नोंदविली. त्यांच्याबरोबर सकाळी सहाच्या तुकडीला एक चाळिशी उलटलेल्या बाईही जात होत्या. डबे आदल्या रात्रीच तयार करून ठेवीत, एवढाच काय तो घरात बदल झाला.