नकाशावरील आकडे कोणत्या मापाचे?

पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर उतरविण्यासाठी प्रक्षेपणाचा अवलंब करावा लागतो. संगणकीय नकाशातील स्थानदर्शक आकडे त्या प्रक्षेपणानुसार असतात. मात्र प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलेले नसते. ते नकाशासोबतच्या प्रक्षेपणाच्या नोंदीत प्रथम पाहणे अगत्याचे होय.

ही नोंद उपलब्ध नसल्यास आकड्यांच्या आकारावरून अनुमान करता येते. पवार घराण्याच्या गादीमुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या धार शहराचे उदाहरण घेऊ. ७५.३ व २२.६ हे आकडे अंशांचे होत. प्रचलित यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात तेच स्थान सुमारे ५,३१,००० व २५,००,००० मीटर असे येते. कारण ७५ अंश रेखावृत्तास तेथे ५,००,००० हे मूल्य दिलेले असून धार त्याच्या पूर्वेस सुमारे ३१ किलोमीटरवर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरील जाळे मात्र यार्डाचे असे.

पडताळणीसाठी ज्ञात अंतर मोजावे. धार ते देवास हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ८७ किलोमीटर आहे. नकाशावरून ते ८७,००० च्या आसपास आल्यास एकक मीटर, ९५,००० च्या आसपास आल्यास यार्ड समजावे.

ही दक्षता न घेतल्यास चूक लहान राहत नाही. यार्डाचे आकडे मीटरचे मानले, तर एक हेक्टर जमीन सुमारे १.२० हेक्टर भरते. भूसंपादनाचा मोबदला क्षेत्रफळावरच ठरत असल्याने, मोजणीपूर्वी एककाची खात्री करणे शेतकरी व शासन या दोघांच्याही हिताचे आहे.